पुरावा कोणी द्यायचा?

बोर्निओ बेटाच्या वायव्य अंगाला मलेशियाचं सारावाक हे राज्य पसरलेलं आहे. तिथल्या जमीन कायद्यात एक तारीख पक्की बसवलेली आहे : 1 जानेवारी 1958. त्या दिवसाच्या आधीपासून ज्या आदिवासी कुटुंबाची किंवा गावाची जमिनीवर वहिवाट होती, त्यांचाच पारंपरिक हक्क धरला जातो. नंतरची वहिवाट सरकारी परवानगीवाचून जमेत धरत नाहीत. आणि वहिवाट होती हे सिद्ध करायचं कोणी? ज्याचे आजे-पणजे त्या मातीत पुरलेले आहेत त्याने. राजधानी कुचिंगहून साठ वर्षांचा भाडेपट्टा घेऊन येणाऱ्या मळेवाल्या कंपनीला मात्र ती जमीन खरोखर मोकळी आहे का, हे दाखवावं लागत नाही. तिचा कागद पुरतो.

माझं म्हणणं या उलट्या रिवाजाविषयी आहे. जमीन ज्याच्या पायाखाली आहे त्याच्याकडे पुरावा मागायचा आणि जो ती घ्यायला आला त्याला काही विचारायचं नाही, हा अन्याय आहे. तो सारावाकपुरता नाही, आणि आपला त्याच्याशी संबंध नाही असंही नाही.

आधी तिथल्या इबान आदिवासींचं एक गाव डोळ्यांसमोर आणू. लांबघरात, म्हणजे एकाच लांबलचक छपराखाली, वीस-तीस कुटुंबं ओळीने राहतात आणि प्रत्येकाचं दार समोरच्या सामाईक पडवीत उघडतं. भात डोंगरउतारावर पेरतात. एक हंगाम, फार तर दोन हंगाम पीक घ्यायचं, मग जागा काही वर्षं सोडायची, रान वाढू द्यायचं आणि फिरून तिथेच यायचं. अशा विसाव्यातल्या जमिनीला ते तेमुदा म्हणतात. लांबघराची जागा बदलली तरी जुन्या जागी लावलेली दुरियानची झाडं वंशजांचीच राहतात. त्या जागेला तेंबावाई म्हणतात, आणि कुठल्या झाडावर कुणाच्या घराचा वाटा हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. याशिवाय काही रान मुद्दाम राखलेलं असतं. घराला आणि नावेला लाकूड, वेत, औषधी, शिकार, पाण्याचा झरा यांसाठी. तिथे शेतीसाठी कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावाचा नियम. ते पुलाउ गालाउ. हे सगळं मिळून जो गावचा मुलूख होतो त्याला पेमाकाई मेनोआ म्हणतात. रायगडच्या कातकरी-ठाकरांनी केलेली दळीची शेती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातलं काही परकं वाटू नये.

आता कायदा काय पाहतो? सारावाकच्या 1958 च्या जमीन संहितेत पारंपरिक हक्क निर्माण होण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच मार्ग आहे अस्पर्श जंगल तोडून ती जागा वहिवाटीला आणणं. फळझाडं, लागवड, दफनभूमी, पायवाट हे पुढे येतात. त्यामुळे कोर्टात जुनी हवाई छायाचित्रं पसरली जातात. छायाचित्रात उघडी जमीन दिसली तर गावाची बाजू बळकट होते. गर्द झाडी दिसली की सरकारी वकील म्हणतो, इथे कोणीच नव्हतं. ज्यांनी रान तोडलं त्यांना हक्क, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखलं त्यांचं राखणं हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा! जंगल वाचवा म्हणून जगभर परिषदा भरतात, आणि ज्या लोकांनी ते खरोखर वाचवलं त्यांना कायदा सांगतो की तुम्ही तोडलं असतंत तर तुमचं झालं असतं.

बिंतुलू भागातल्या रुमाह नोर या लांबघराने याविरुद्ध दावा लावला. कागदाच्या लगद्यासाठी झाडं लावायला त्यांचं राखीव रान एका कंपनीला दिलं गेलं होतं. 2001 च्या मे महिन्यात कुचिंगच्या उच्च न्यायालयात न्या. इयन चिन यांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. हक्क फक्त कसलेल्या जमिनीवर नसतो, राखलेलं रान आणि गावचा सगळा मुलूख रूढीने त्यांचाच, असं त्यांनी मानलं. या दाव्यात गावाने एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने तयार केलेला नकाशा पुढे ठेवला होता. झरे, जुन्या घरांच्या जागा, दफनभूमी, हद्दी त्या नकाशामुळे न्यायाधीशाला वाचता येतील अशा झाल्या. जे आजवर म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं ते कागदावर आलं.

त्याच वर्षी सारावाकच्या विधानसभेने भूमापकांसंबंधी नवा कायदा केला. परवाना नसलेल्या माणसाने पारंपरिक हक्काच्या जमिनीचा असा नकाशा करणं हा गुन्हा ठरला. पुरावा आणा म्हणून सांगणाऱ्या राज्याने, लोकांनी पुरावा आणताच तो तयार करणंच बेकायदा केलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत लाजिरवाणी वाटते, कारण इथे ‘नियम सर्वांना सारखा’ हा बुरखाही उरत नाही.

पुढे 2005 मध्ये वरच्या न्यायालयाने कायद्याचं तत्त्व उचलून धरलं, पण वादातल्या जागेच्या वहिवाटीचा पुरावा अपुरा म्हणून गावाला हरवलं. डिसेंबर 2016 मध्ये मलेशियाच्या संघीय न्यायालयाने दुसऱ्या एका इबान दाव्यात बहुमताने सांगितलं की राखीव रान आणि गावचा मुलूख या रूढींना कायद्याचं बळ नाही. फक्त कसलेली जमीन तेवढी तुमची. त्यावर मोठा असंतोष उसळला. 2018 मध्ये राज्याने संहितेत दुरुस्ती करून मुलुखाला जागा दिली, पण तीही हेक्टरांची मर्यादा घालून. या लढ्यात माणसं मेलीही. 21 जून 2016 रोजी इबानांसारख्या दायाक आदिवासींच्या जमीनहक्कासाठी झटणारे बिल कायोंग यांना मिरी शहरात भररस्त्यात गोळ्या घालून मारलं गेलं.

पामतेलाच्या मळेवाल्यांना एवढी सलग जमीन का लागते, तेही समजून घ्यायला हवं. पामचा घड झाडावरून उतरला की साधारण चोवीस तासांत गिरणीत पोचावा लागतो, नाहीतर तेलातलं आम्ल वाढून त्याचा भाव पडतो. म्हणून गिरणी मळ्याला लागूनच हवी, आणि एक गिरणी चालवायला चार-पाच हजार हेक्टरांचं फळ हवं. मधे एखाद्या गावाचं राखीव रान, दफनभूमी, दुरियानची राई आली की ती कंपनीच्या हिशोबात अडथळा ठरते. झाड एकदा लावलं की पंचवीस वर्षं उभं. म्हणजे ज्या पिढीने सही केली तिला जमीन परत मिळालेली बहुधा दिसतच नाही.

शेजारच्या इंडोनेशियात आज सुमारे 1.6 कोटी हेक्टरांवर पाम आहे. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्र 3.07 कोटी हेक्टर आहे. आपल्या निम्म्याहून अधिक राज्यावर एकच झाड लावलेलं आहे असं समजा. आणि पामतेल बाहेरून घेणारं जगातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत आहे. गेल्या काही वर्षांत आपण वर्षाला साधारण 75 लाख ते एक कोटी टन पामतेल बाहेरून आणलं, त्यातलं बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. बिस्किटात, फरसाणात, साबणात, हॉटेलातल्या कढईत ते आहे. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा आपल्या वाण्याच्या दुकानात घबराट पसरली, ती यामुळेच. त्याच वर्षीच्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. दीड कोटींहून अधिक शिधापत्रिकाधारकांसाठी ती योजना होती. शंभर रुपयांत मुलांना करंज्या-शंकरपाळे करून घालणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिच्यासाठी कोट्यवधी लिटर तेल विकत घेणाऱ्या सरकारने मात्र ते कुणाच्या जमिनीतून आलं हे एकदा तरी विचारायला हवं होतं.

इंडोनेशियातला कायदा वरून पाहिला तर उदार वाटतो. मे 2013 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ‘आमान’ या आदिवासी समाजांच्या महासंघाच्या याचिकेवर निकाल दिला की रूढीने चालत आलेलं समाजाचं जंगल हे सरकारी जंगल नाही. फार मोठा निकाल होता तो. पण अंमल कसा होतो? आधी जिल्ह्याने नियम करून तो समाज ‘आहे’ असं मान्य करायचं, मग त्याच्या जंगलाचा विचार. म्हणजे शेकडो वर्षं जिथे नांदतो तिथे आपण अस्तित्वात आहोत, हे लोकांनी आधी कचेरीत पटवून द्यायचं. निकालानंतरच्या दहा वर्षांत मान्यता मिळालेलं जंगल काही लाख हेक्टरांपलीकडे गेलं नाही.

बोर्निओच्याच इंडोनेशियाकडच्या भागात, मध्य कालिमंतानातल्या लामान किनिपान गावात लोकांनी आपल्या रानातली तोड थांबवायला तोडणाऱ्यांची करवत काढून घेतली. ऑगस्ट 2020 मध्ये गावचे पुढारी एफेंडी बुहिंग यांना पोलिसांनी घरातून फरफटत नेलं. आरोप चोरीचा. त्याचं चित्रण देशभर पसरलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सोडावं लागलं. हजारो हेक्टर रान जातं त्याला विकास म्हणायचं आणि एक करवत अडवली की चोरी, असं त्या फौजदारी नोंदीने ठरवून टाकलं होतं.

आणि जिथे लोक राजी होतात तिथे काय घडतं, तेही पाहू. कंपनी सांगते, जमीन द्या, त्यातला काही भाग लागवड करून तुम्हाला परत देऊ. त्या परत मिळणाऱ्या तुकड्याला तिथे ‘प्लाझ्मा’ म्हणतात. 2007 पासून मळ्याच्या 20 टक्के क्षेत्राएवढी अशी सोय करण्याचं बंधनही आहे. पण लागवडीचा खर्च शेतकऱ्याच्या नावावर कर्ज म्हणून चढतो आणि फळाच्या पैशातून हप्त्याने कापला जातो. अनेक ठिकाणी तो तुकडाही कंपनीच सांभाळते, आणि मालक म्हणवणाऱ्याला महिन्याच्या शेवटी कापून-कुपून उरलेले पैसे मिळतात. आपली झाडं कोणती, हे त्याला दाखवताही येत नाही. यापेक्षा वाईट कलम कागदाच्या तळाशी असतं. कंपनीला जमीन देताना लोक आपला रूढीचा हक्क सोडून देतात, म्हणून पट्ट्याची मुदत संपल्यावर जमीन गावाकडे परत येत नाही, सरकारजमा होते. हे किती जणांना सही करताना समजावून सांगितलं जातं? ऑक्टोबर 2023 मध्ये सेरुयान जिल्ह्यातल्या बांगकाल गावचे लोक हाच प्लाझ्माचा वाटा मागायला जमले होते. पोलिसांनी गोळी चालवली आणि एक माणूस मेला. तो जमीन परत मागत नव्हता. ठरलेला तुकडा मागत होता.

यावर काही आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. एका हेक्टरात पाम जेवढं तेल देतो तेवढं सोयाबीन देत नाही, पामचं तेल त्याच्या कितीतरी पट भरतं. गरिबाला स्वस्त तेल हवंच. इंडोनेशियातल्या पामच्या क्षेत्रापैकी सुमारे 40 टक्के लहान शेतकऱ्यांच्या हातात आहे, आणि कितीतरी दायाक कुटुंबांनी आपल्या राजीखुशीने पाम लावून घरं बांधली, मुलं शिकवली. हे मी नाकारत नाही. उलट यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. झाडाचा दोष नाही. ज्याची जमीन त्यानेच पाम लावला तर तोच पाम त्याचं पोट भरतो, आणि जमीन हातातून गेल्यावर लावला तर त्याच माणसाला आपल्याच जमिनीवर रोजंदारीने घड तोडायला जावं लागतं.

पुरावा रयतेकडेच मागण्याच्या या रिवाजाची मुळं वसाहतीच्या काळात आहेत. इंग्रजांनी 1838 मध्ये आसामात पडीक जमिनीचे नियम करून चहामळेवाल्यांना नाममात्र साऱ्यावर जमिनी दिल्या. त्या जमिनींवर फिरती शेती आणि चराई चालत होती, पण कागद नव्हता, म्हणून त्या पडीक. डचांनी 1870 मध्ये जावात जाहीर केलं की ज्या जमिनीची मालकी कोणी सिद्ध करणार नाही ती सरकारची. पुरावा देण्याचं ओझं रयतेच्या डोक्यावर कायद्याने ठेवलं ते असं. आणि हे अनेकांना तेव्हाही दिसत होतं. महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं गिळल्याबद्दल कडक शब्दांत तक्रार केली आहे. साहेब गेला. त्याने केलेली व्याख्या मात्र कुचिंग, जकार्ता आणि दिल्लीतल्या कचेऱ्यांनी जशीच्या तशी ठेवली.

दिल्लीचं नाव मी मुद्दाम घेतो. आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा आहे, आणि त्याच्या नियमांत एक अशी गोष्ट आहे की जी सारावाकच्या लांबघरांना स्वप्नवत वाटावी. दावा सिद्ध करायला गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो. विहीर, दफनभूमी, देवस्थान, जुन्या घराच्या खुणा चालतात. 2012 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं की अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांनी धरायचा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. जो बांबू आजवर कागद कारखान्याला पट्ट्याने जात होता, तो 2011 पासून गावाने स्वतःच्या परवान्याने विकला. त्यासाठी कुणाला हाकलावं लागलं नाही, जंगलही संपलं नाही.

पण कायद्यात लिहिलेलं तहसील कचेरीच्या टेबलापर्यंत पोचताना बदलतं. म्हाताऱ्याचा जबाब बाजूला सारून दंडाच्या पावत्या मागितल्या जातात. 13 डिसेंबर 2005 या तारखेच्या आधीचा ताबा दाखवण्याची अट तर कायद्यातच आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. देशभरात दहा लाखांहून अधिक दावे फेटाळले गेले. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत तो स्थगितही केला. त्या पंधरा दिवसांत किती पाड्यांवर चूल नीट पेटली नसेल, याचा विचार शहरात फार थोड्यांनी केला.

मळेवाला नेहमी खाजगी कंपनीच असतो असंही नाही. महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ 1974 पासून मिश्र जंगल तोडून साग लावत आलं आहे. गडचिरोलीत वडसा परिसरातल्या ग्रामसभांनी याला विरोध केला. मोह, तेंदू, चार, हिरडा यांच्यावर गाव जगतं. सागाच्या रांगेतून गावाला खायला काय मिळणार? मोह वेचणाऱ्या बाईचं त्या झाडाशी नातं असतं, पण सातबाऱ्यावर ते कुठेच येत नाही.

आता तेलाची आयात कमी करायची म्हणून केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटींचं पाम अभियान आणलं. साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड, त्यातली जवळजवळ निम्मी ईशान्य भारतात. तिथल्या डोंगरांवर झूम नावाची फिरती शेती आहे, बरीच जमीन गावाची आहे, सारावाकसारखीच. आयात घटावी ही इच्छा योग्यच. पण विसाव्यातल्या झूम जमिनीला पडीक म्हणून नोंदवलं गेलं, तर आपण बोर्निओचा अन्याय स्वदेशी करून घरी आणू.

म्हणून मागणी साधी आणि ठाम हवी. पुरावा घेणाऱ्याने द्यावा. ज्या कंपनीला, महामंडळाला किंवा खात्याला जमीन हवी आहे, त्याने आधी दाखवावं की तिथे कुणाची शेती, चराई, रान, स्मशान, वाट नाही. आणि ते ग्रामसभेपुढे, गावाच्या भाषेत, नकाशा जमिनीवर पसरून दाखवावं. शंका राहिली तर जमीन गावाची धरावी. राखलेलं रान हा वहिवाटीचा पहिल्या प्रतीचा पुरावा मानावा. पट्टा संपला की जमीन गावाकडे परत जाईल असं कलम नसेल तर तो करारच रद्द ठरावा. आणि शिध्याचं तेल घेणाऱ्या सरकारने आपल्या निविदेत एक अट घालावी : ज्या मळ्याच्या जमिनीवरून गावाशी वाद चालू आहे त्याचं तेल चालणार नाही. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं जकार्तातही ऐकावं लागेल.

वाचकहो, यातलं बरंच सरकारने करायचं आहे, पण सगळं नाही. तुमच्यात निवृत्त तलाठी आहेत, भूमापक आहेत, वकील आहेत, भूगोलाचे शिक्षक आहेत, मोबाइलवर नकाशा काढता येणारी मुलं आहेत. गडचिरोली, नंदुरबार, पालघर, मेळघाट इथल्या कितीतरी गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे एका नीट नकाशाविना आणि नीट लिहून घेतलेल्या चार जबाबांविना पडून आहेत. सारावाकमध्ये परवान्यावाचून असा नकाशा केला तर गुन्हा होतो. आपल्याकडे तो कायद्याने दिलेला अधिकार आहे. जवळच्या ग्रामसभेला विचारा, ती बोलावील तेव्हा जा, आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब ती माणसं हयात आहेत तोवर लिहून घ्या.